पोत्यात घातलेलं मांजर जातं कुठं?

ताईंनो, मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत बचत, कर्जफेड सगळं झालं आणि उठायच्या वेळी भांडण लागलं. विषय मांजरीचा. एकीची अकरा पिल्लं फोडली होती गल्लीतल्या बोक्यानं, आणि त्याला भाकर टाकणारी शेजारीण तिथंच बसलेली. शेवटी ठरलं काय, तर पोत्यात घालून कॅनॉलपलीकडं सोडून द्या. सगळ्यांनी माना डोलावल्या.

आपल्याकडं असंच चालत आलंय. मांजर मारलं तर मोठं पाप, म्हणून मारायचं नाही. रात्रीच्या वेळी दुसऱ्याच्या शिवारात सोडायचं. पण त्या शिवारातल्या बायाही हेच करतात. त्यांचं मांजर आपल्याकडं, आपलं त्यांच्याकडं. पाप कुणालाच लागत नाही आणि मांजरंही कमी होत नाहीत. सोडलेलं मांजर बहुतेक वेळा उपाशी मरतं, नाहीतर कुत्र्याच्या तोंडी नाहीतर गाडीखाली जातं. मागं दूध पिती पिल्लं राहिली असतील तर ती घरच्या माळ्यावर ओरडून ओरडून मरतात. हे पापात धरायचं का नाही, तुम्हीच ठरवा.

कायद्यानं मात्र हे धरलंय. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार, उपासमार होईल अशा ठिकाणी जनावर टाकून देणं हा गुन्हा आहे. दंड जुन्या काळचा, पहिल्या वेळेला १० ते ५० रुपये, म्हणून कुणी मनावर घेत नाही. पण विष घालून किंवा ठेचून जनावर मारण्याचं प्रकरण वेगळं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये त्याला ५ वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे.

आता हिशोब बघा. हिशोब आपल्याला कळतो. मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते. दोन महिन्यांत विते, एका वेताला तीन-चार पिल्लं, वर्षात दोन वेतं सहज. म्हणजे गल्लीत तीन मांजरी असल्या तर वर्षाला वीसेक पिल्लं. त्यातली बरीच मरतात, तरी चार-सहा जगतात आणि पुढच्या वर्षी तीही वितात. आपण एक बोका उचलून नेला तर काय फरक पडणार? जिथं उंदीर आहेत आणि उकिरड्यावर उष्टं पडतंय, तिथं रिकामी जागा दिसली की दुसरा बोका येतो.

आणि मांजर नकोच, असं आपल्याला म्हणता येत नाही. अर्धापूर भागात घरोघर सोयाबीन, हरभरा, हळदीची पोती लागलेली असतात. उंदरानं पोतं कुरतडलं तर काय होतं ते सांगायला नको. उंदराचं औषध ठेवावं तर घरात लेकरं. शिवाय विषानं मेलेला उंदीर खाऊन मांजर मरतं, आणि पुढच्या हंगामात उंदीर दुप्पट.

यावर टिकणारा उपाय एकच, नसबंदी. मांजर पकडायचं, डॉक्टरकडून ऑपरेशन करून घ्यायचं, रेबीजची लस टोचायची आणि जिथलं होतं तिथंच परत सोडायचं. ओळख म्हणून कानाचं टोक किंचित कापतात, म्हणजे तीच मांजरी पुन्हा पकडली जात नाही. मांजर आपली जागा धरून राहतं, उंदीर मारतं, पण वीत नाही. बोक्यांची रात्रीची रडारड, मारामारी आणि भिंतीवर मुतणंही कमी होतं. मुंबई महानगरपालिकेनं भटक्या कुत्र्यांपाठोपाठ मांजरांसाठीही हे काम हाती घेतलं आहे. खेड्यात अशी सोय आपोआप येणार नाही, मागावी लागेल. पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. तिथं जमत नसेल तर परभणी आणि उदगीरला सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, त्यांच्याकडं शिबिराची मागणी करता येते. एकटीनं जाण्यापेक्षा ग्रामसंघाच्या लेटरहेडवर अर्ज गेला तर वजन पडतं. भूल देऊन करायचं ऑपरेशन आहे, गावातल्या कुणा हौशी माणसाकडून करून घेऊ नका.

तोवर कोंबड्यांचं काय? पिल्लं दीड-दोन महिन्यांची होईपर्यंत मोकळी सोडू नका, दिवसा डाल्याखाली आणि रात्री बारीक जाळीच्या खुराड्यात. आपल्या आज्यांनी दुधाला शिंकं केलं होतं, ते उगीच नाही. जी भाकर टाकते तिनं ठरल्या वेळी, खुराड्यापासून लांब टाकावी आणि उरलेलं उचलावं. दाराशी उष्टं पसरून ठेवायचं आणि वर मांजराची दया, हे शेजारणीला पटणार नाही.

मांजर चावलं किंवा नखानं रक्त निघालं तर वाहत्या पाण्यात साबणानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा, रेबीजची लस फुकट मिळते. हळद आपल्याकडं पोत्यानं पिकते, पण या जखमेवर हळद नको, चुना नको, मिरची तर नकोच. गरोदर बाईनं मांजराची घाण काढू नये, दुसऱ्या कुणी काढावी.

एक गोष्ट मात्र जास्तच जपून सांगायची आहे. २०२४ च्या गुढीपाडव्याला, ९ एप्रिलला, नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात शेणाच्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. त्याला काढायला एक जण उतरला, तो वर येईना म्हणून दुसरा, मग तिसरा. पाच जण गेले. कमरेला दोर बांधून उतरलेला एक जण तेवढा वाचला. शेण कुजतं तिथं विषारी वायू साठतो, हवा उरत नाही, दोन-चार श्वासांत माणूस बेशुद्ध पडतो. वरून काहीच दिसत नाही, म्हणून तर मागचा माणूसही उतरतो. मांजराला वाचवावंसं वाटणं चूक नव्हतं. पण अशा खड्ड्यात कुणीही उतरायचं नाही. दोराला पाटी बांधून सोडा, लांब फळी किंवा शिडी तिरपी लावा, मांजर स्वतःहून चढतं. माणूस पडला असेल तर ११२ ला फोन लावा आणि दुसऱ्याला आत जाऊ देऊ नका. बंद पडलेल्या गोबरगॅसच्या टाक्या, शेणाचे हौद, पडक्या विहिरी अजून कितीतरी घरांमागं उघड्या आहेत.

ग्रामसभेच्या आधी महिलासभा होते. त्यात या वेळी दोन मागण्या लिहून द्या: उघड्या खड्ड्यांवर झाकण, आणि मांजरांच्या नसबंदीचं शिबिर. त्याआधी पशुसखीला सोबत घेऊन आपापल्या गल्लीत किती मांजरी, किती बोके, कोणती गाभण, ते वहीत टिपून ठेवा. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील.