130 कोटी नावे, 9 वर्षे कैद आणि निकाल शून्य

जुलै 2003. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, रॅले शहरातल्या एका घरातून 16 तारखेला 12,197 ईमेल सुटले. 19 तारखेला 24,172 आणि 26 तारखेला 19,104. तीन दिवसांचे मिळून 55,473. पाठवणाऱ्या जेरेमी जेन्सने आपला माग लागू नये म्हणून ईमेलवर खोटी माहिती घातली होती. पण ते एओएल या इंटरनेट कंपनीच्या व्हर्जिनियातल्या सर्व्हरवर गेले आणि त्यामुळे तो व्हर्जिनियाच्या कायद्याच्या कचाट्यात सापडला. असे खोट्या माहितीचे, न मागवलेले ईमेल 24 तासांत 10,000 हून अधिक जणांना पाठवणे व्हर्जिनियात गंभीर गुन्हा ठरले होते.

झडतीत सीडींवर 17 कोटी 60 लाख पूर्ण पत्ते आणि 130 कोटींहून जास्त युजरनेम मिळाली. सेकंदाला एक या वेगाने न थांबता ती वाचली, तरी 41 वर्षे जातील.

एवढा पसारा लागतो कशाला? 1998 मध्ये ऑरेगनचा जेसन हेकेल आठवड्याला 1 ते 10 लाख ईमेल पाठवून 39.95 डॉलरची पुस्तिका विकत होता. खप महिन्याला 30 ते 50 प्रती. सगळे आकडे त्याच्या बाजूने धरले तरी एका प्रतीमागे साडेआठ हजारांवर ईमेल! त्याला पकडणारा वॉशिंग्टन राज्याचा फसव्या व्यापारी ईमेलविरोधी कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये उचलून धरला.

जेन्सला 2005 मध्ये 9 वर्षांची शिक्षा झाली. फेब्रुवारी 2008 मध्ये व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती 4 विरुद्ध 3 मतांनी कायम केली. फेरसुनावणीनंतर सप्टेंबरमध्ये त्याच न्यायालयाने एकमताने कायदाच रद्द केला. कारण हा कायदा व्यापारी ईमेलपुरता नव्हता. निनावी राजकीय आणि धार्मिक ईमेलही त्यात गुन्हा ठरत. न्यायालयाने दाखला दिला तो ‘फेडरलिस्ट पेपर्स’चा. 1787-88 मध्ये ‘पब्लियस’ या टोपणनावाने निघालेले हे 85 लेख आज ईमेलने पाठवले असते, तर तो गुन्हा ठरला असता. त्यांच्या तीन लेखकांपैकी जेम्स मॅडिसन व्हर्जिनियाचाच, आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य देणाऱ्या अमेरिकेच्या पहिल्या घटनादुरुस्तीचा मसुदाही त्याचाच.

2010 मध्ये राज्याने कायदा सुधारला. 10,000 ची मर्यादा तीच, पण फक्त व्यापारी ईमेलसाठी. 2003 मध्येच एवढी काळजी घेतली असती, तर जेन्स ज्या मुद्द्यावर सुटला तो मुद्दाच उरला नसता.