चिखलावर चालणारा मासा

ओहोटी लागली की ठाण्याच्या किंवा कोकणातल्या कुठल्याही खाडीकाठी थोडा वेळ उभे राहा. चिखलावर काहीतरी टुणकन उडी मारतं. बेडूक नव्हे, ती निवटी! अस्सल मासा, कल्ले आहेत, पर आहेत. पण पुढच्या परांना मजबूत स्नायू असल्याने कुबड्या टेकाव्यात तशी ती त्यांवर पुढे सरकते.

मग श्वासाचं काय? ओल्या त्वचेतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून ती हवेतला प्राणवायू घेते. म्हणूनच अंग सुकू नये यासाठी सारखी चिखलात लोळते. डोळे डोक्यावर, कोरडे पडले की खोबणीत ओढून ओले करायचे.

मला सर्वांत थक्क करते ती तिची पिल्लांसाठीची धडपड. अंडी चिखलातल्या बिळात असतात आणि तिथल्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतोच. हवेत मात्र तो २१ टक्के! म्हणून काही जातींतला नर तोंडात हवा भरतो, बिळात उतरतो, अंड्यांजवळ सोडतो आणि पुन्हा वर येतो. ओहोटीच्या वेळी अशा किती खेपा!

खाडीत भराव पडला, की पहिल्यांदा हीच बिळं बुजतात.