दप्तरातली चिठ्ठी : 'टायटल वन'विषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

गेल्या वर्षी न्यू जर्सीत घर घेतलेल्या माझ्या भाचीने सप्टेंबरातल्या एका सकाळी, म्हणजे तिकडच्या रात्री, दूरध्वनी केला आणि खुशालीचे दोन शब्दही न बोलता विचारले, "मामा, आम्ही चुकीच्या वस्तीत घर घेतलं का हो?" थोरलीच्या दप्तरातून एक छापील चिठ्ठी निघाली होती, आपली शाळा 'टायटल वन' शाळा असून तिची वार्षिक पालकसभा अमुक दिवशी संध्याकाळी साडेसहास भरेल, एवढाच तिचा मजकूर. पण दोन घरे सोडून राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांनी 'टायटल वन म्हणजे गरिबांची, मार्कांत मागे पडलेली शाळा' असा तिचा अर्थ लावून दिला होता, आणि ज्या घरासाठी तीस वर्षांचे कर्ज काढले त्याच्या भिंती भाचीला एका रात्रीत परक्या वाटू लागल्या होत्या.

वास्तविक 'टायटल वन' ही श्रेणी नव्हे आणि शेराही नव्हे. अमेरिकेच्या 1965 सालच्या प्राथमिक व माध्यमिक शिक्षण कायद्यातील ते केवळ पहिले प्रकरण होय. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी 11 एप्रिल 1965 रोजी त्यावर सही केली ती वॉशिंग्टनच्या दिवाणखान्यात नव्हे, तर टेक्ससमध्ये, ज्या लहानशा शाळेत त्यांनी स्वतः अक्षरे गिरवली तिच्या आवारात, आणि शेजारी आपल्या पहिल्या शिक्षिकेला बसवून. 1928 साली कोटुला गावी मेक्सिकन मजुरांच्या मुलांना शिकवताना त्यांनी जे दारिद्र्य डोळ्यांनी पाहिले होते, त्याची स्मृती त्या सहीमागे होती, असे ते स्वतः सांगत. त्या वेळी अमेरिकेत स्वतंत्र संघीय शिक्षण खातेसुद्धा नव्हते. ते 1979 च्या कायद्याने आले. म्हणजे ही तरतूद त्या खात्याहून वयाने वडील आहे, हे 'सारे त्या खात्याचे खूळ' असे मानणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

शेजारच्या गृहस्थांची मुख्य चूक अशी, की त्यांनी गरिबीची मोजदाद आणि गुणवत्तेची मोजदाद यांची गल्लत केली. खानेसुमारी खाते दरवर्षी प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टमधील, म्हणजे स्थानिक शाळांचा कारभार पाहणाऱ्या विभागातील, 5 ते 17 वर्षे वयाच्या दरिद्री मुलांच्या संख्येचा अंदाज काढते, मुख्यतः त्या आकड्यांवरून चार वेगवेगळ्या सूत्रांनी निधी ठरतो, तो राज्यामार्फत डिस्ट्रिक्टकडे येतो, आणि मग डिस्ट्रिक्ट आपल्या शाळा गरिबीच्या उतरत्या क्रमाने लावून, बहुधा सवलतीच्या भोजनास पात्र असलेल्या मुलांच्या संख्येवरून, त्याची वाटणी करते. या साऱ्या हिशेबात परीक्षेच्या गुणांचा रकाना कोठेही येत नाही. शिवाय यांतील मूळ सूत्राची अट इतकी सैल आहे की डिस्ट्रिक्टमध्ये अशी किमान 10 मुले असली आणि त्यांचे प्रमाण 2 टक्क्यांहून अधिक भरले की तेवढ्यावर त्याचा वाटा सुरू होतो. त्यामुळे सुखवस्तू उपनगरेही यादीत शिरतात आणि देशातील निम्म्याहून अधिक सार्वजनिक शाळा या प्रकरणाखाली येतात. हा विस्तार राजकीयदृष्ट्या शहाणपणाचा असेल, कारण ज्याला थोडे मिळते तो कायदा मोडीत काढू देत नाही. पण जेथे खरी निकड तेथे पडणारी धार त्याने बारीक झाली, हे मला नाकारता येत नाही.

दुसरा समज आपल्या मंडळींचा खास. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला जोडून 25 टक्के राखीव जागांचे अर्ज भरण्याची ज्यांना सवय, त्यांना वाटते की गरीब मुलाच्या नावे काही रक्कम मंजूर होत असावी. तसे नाही. पालकाच्या हाती छदामही येत नाही. पैसा शाळेस मिळतो. जेथे दरिद्री मुले 40 टक्के वा अधिक असतात तेथे शाळा तो सर्व विद्यार्थ्यांच्या उन्नतीसाठी वापरू शकते, आणि जेथे तितकी नसतात तेथे निवडक मुलांनाच साहाय्य मिळते. मात्र ही निवड करताना शाळा बापाचा पगार पाहत नाही, मुलाचे वाचन-गणित कोठे अडले ते पाहते. बेघर मुलांना तर निराळी पात्रता सिद्ध करावी लागतच नाही. म्हणजे दोन पगारांच्या घरातील अडखळणारे मूल वाचनाच्या जादा तासाला बसेल आणि गरीब घरातील हुशार मूल कदाचित बसणार नाही.

तिसरा समज, की वॉशिंग्टन पैसा देते म्हणून शाळाही तेच चालवते. या प्रकरणाची वार्षिक तरतूद 2024 साली सुमारे 1,840 कोटी डॉलर होती, आणि हा आकडा ऐकून माणूस दिपतो. परंतु संघीय सरकारची सारी अनुदाने एकत्र केली तरी सर्वसाधारण वर्षी शालेय खर्चाचा जेमतेम दशांश भरतो. उरलेला भार राज्याचा आणि स्थानिक महसूल उचलतो, आणि स्थानिक महसूल म्हणजे बव्हंशी घरपट्टी. श्रीमंत वस्तीची घरपट्टी भरघोस, म्हणून तिची शाळाही भरघोस. मूळ विषमता येथे आहे आणि टायटल वन ही तिच्यावरची ठिगळवजा दुरुस्ती आहे.

ती ठिगळेही आरंभी भलतीकडे लागली. 1969 साली नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थांनी एक अहवाल काढून दाखवून दिले, की गरीब मुलांसाठी आलेल्या पैशांतून काही ठिकाणी पोहण्याचे तलावसुद्धा बांधले गेले आहेत. त्यानंतर हा निधी स्थानिक खर्चात भर म्हणून वापरावा, त्याच्या बदली वापरू नये, हा नियम कडक झाला. खाजगी, अगदी धार्मिक शाळांतील पात्र मुलांनाही या कायद्याचा लाभ मिळतो, ही गोष्ट मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शिक्षकांस त्या शाळांच्या इमारतीत जाऊन शिकवण्यास मनाई केली, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये शाळेबाहेर रस्त्याच्या कडेला मोटारगाड्या उभ्या करून त्यांत वर्ग भरवण्यात आले! 1997 मध्ये न्यायालयाने आपलाच निर्णय फिरवला आणि शिक्षक पुन्हा आत गेले.

आता ज्या पालकसभेच्या आमंत्रणाने भाचीला घाबरवले तिच्याकडे वळू. हे आमंत्रण म्हणजे मुख्याध्यापकांची मेहेरबानी, असा चौथा समज. सभा दरवर्षी घेतलीच पाहिजे. पालकांच्या सहभागाचे लेखी धोरण पालकांसह ठरवले पाहिजे. घर आणि शाळा यांनी कोणती जबाबदारी घ्यायची त्याचा करारनामा केला पाहिजे. आणि कागदपत्रे शक्य तेथवर पालकांना समजेल अशा भाषेत दिली पाहिजेत, हा सारा कायदा आहे. मुलाला शिकवणाऱ्या शिक्षकाची पात्रता विचारण्याचाही पालकास हक्क आहे. ज्या डिस्ट्रिक्टला 5 लाख डॉलरहून अधिक निधी मिळतो, त्याने त्यातला किमान 1 टक्का पालक-सहभागासाठी बाजूला ठेवावा, त्यातील किमान 90 टक्के शाळांकडे द्यावा आणि तो कसा वाटायचा हे ठरवताना पालकांना सामील करावे, असेही बंधन आहे. दहा लाख डॉलर मिळाले तर दहा हजार बाजूला, त्यांतले नऊ हजार शाळांना, आणि शाळा दहा असल्या तर प्रत्येकीच्या पदरी नऊशे.

हे सारे ऐकून भाची सभेला गेली. घरी सांभाळायला कोणी नसल्याने धाकट्यालाही घेऊन गेली. खुर्च्या साठ मांडल्या होत्या, माणसे अकरा आली होती. कार्यक्रमपत्रिकेवरील शेवटचा विषय त्या किरकोळ रकमेचाच होता : स्पॅनिश दुभाषा नेमावा, की पुढल्या सभांच्या वेळी लहान मुले सांभाळायला कोणी ठेवावे? कायद्याला दोन्ही खर्च मान्य आहेत, पैसा एकालाच पुरणार होता. मते मागवली तेव्हा धाकटा टेबलाखालून कोणाच्या तरी बुटाची नाडी ओढत होता, आणि शेजारी बसलेली एक बाई चर्चा आपल्या आईच्या कानात स्पॅनिशमधून हळू आवाजात सांगत होती. भाचीने दुभाष्याच्या बाजूने हात वर केला. दुसऱ्या हाताने ती टेबलाखाली मुलाचा सदरा चाचपत होती.