चर्चमधला माईक शिट्टी का मारतो? आवाज वाढवू नका, स्पीकरची जागा बदला

ढाणकी (ता. उमरखेड) : प्रार्थना सुरू झाली की माईक शिट्टी मारतो अन् मागे बसलेल्या म्हाताऱ्यांना शब्दच कळत नाहीत. मग मशीनचा आवाज वाढवला जातो, त्याने त्रास आणखी वाढतो. स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये शिरला की शिट्टी वाजते. म्हणून स्पीकर बोलणाऱ्याच्या पुढे, लोकांकडे तोंड करून, डोक्यापेक्षा उंच लावा. माईक तोंडापासून चार बोटांवर धरा, बाकीचे माईक बंद ठेवा. टिनपत्रे अन् कोऱ्या भिंतींमुळे आवाज घुमतो. जाड पडदे, सतरंज्यांनी तो आवरतो. शॉक टाळायला अर्थिंग तपासून घ्या.

बाहेर भोंगा लावायचा तर परवानगी लागते. निवासी भागात मर्यादा दिवसा 55, रात्री 45 डेसिबल आहे. रात्री 10 ते सकाळी 6 भोंगा बंदच ठेवा.