रोजगारक्षमतेची आत्मप्रतीती : मापनातील काही अडचणी

पदवीधरास नोकरी मिळाली की नाही, हे मोजणे सोपे. परंतु ती मिळविण्यास आपण कितपत समर्थ आहो असे त्यास स्वतःस वाटते, हे मोजणे तितके सोपे नव्हे. या दुसऱ्या गोष्टीस आत्मप्रतीत रोजगारक्षमता असे म्हणता येईल. तिच्या मापनासाठी रॉथवेल, हर्बर्ट व रॉथवेल यांनी २००८ साली ब्रिटनमधील विद्यार्थ्यांकरिता सोळा विधानांची एक श्रेणी प्रसिद्ध केली. स्वतःची गुणवत्ता, विद्यापीठाचा लौकिक, अभ्यासविषयाची प्रतिष्ठा आणि बाहेरील श्रमबाजाराची स्थिती, ही तिची चार अंगे होत.

ही श्रेणी जालना जिल्ह्यात जशीच्या तशी लावावयाची म्हटल्यास लौकिकापाशीच अडचण येते. अंबड वा भोकरदन येथील विद्यार्थ्याच्या पदवीवर नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे. नित्याचा संबंध मात्र आपल्या महाविद्यालयाशी. ‘माझे विद्यापीठ’ या शब्दांनी त्याने यांपैकी काय घेतले, हे गुणांवरून कळत नाही.

याहून बिकट प्रश्न ‘नोकरी’ या शब्दाचा आहे. आपल्याकडे नोकरी म्हणजे बहुधा कायम पगाराची, आणि खेड्यापाड्यांत तर पुष्कळदा सरकारीच. १९६४ साली ‘महिको’ जालन्यात निघाली, तेव्हापासून वाढलेल्या बियाणे-व्यवसायातील किंवा सळयांच्या कारखान्यांतील रोजगारास विद्यार्थी नोकरी म्हणतो की नुसते ‘काम’, हे आधी विचारून घेतले पाहिजे. शिवाय, राज्यसेवा परीक्षेस सर्वसाधारणपणे कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो. सबब तिची तयारी करणाऱ्यास ‘माझ्या विषयाच्या पदवीधरांना मागणी आहे’ हे विधान निरर्थकच वाटावयाचे. तो मधली पायरी निवडील, आणि संशोधक तीस साशंकता समजेल!

सोळा उत्तरांची बेरीज करून एकच अंक काढण्याचा मोह तर अगदीच घातक. एकास स्वतःविषयी भरवसा आहे पण बाजाराविषयी नाही. दुसऱ्याचे नेमके उलट. दोघांची बेरीज सारखी येईल, पण पहिल्यास आत्मविश्वासाचे वर्ग सुचविणे हा अन्यायच होय; त्याचे बाजाराविषयीचे मत कदाचित यथार्थही असेल. क्रोनबाख यांचा अल्फा (१९५१) मोठा आला म्हणजे श्रेणी एकच गुण मोजते, असेही सिद्ध होत नाही.

म्हणून चारही अंगांचे गुण वेगळे मांडावेत, आणि छापण्यापूर्वी प्रत्येक विधान काही विद्यार्थ्यांसमोर वाचून त्याचा अर्थ त्यांच्याच शब्दांत सांगावयास लावावा.