घरात घाण करणारा बोका : मारण्याआधी कारण शोधा

चाळीत मांजर पाळणाऱ्यांना त्याच्या शी-शूचा प्रश्न सहसा पडत नाही. दार दिवसभर उघडे असते. चाळीमागे मातीचा तुकडा असतो, कुणाच्या तरी बांधकामाची रेती पडलेली असते. मांजर जाते, खड्डा उकरते, आपले उरकते, वर माती लोटते आणि परत येते. आमचा भुऱ्या बोका सहा वर्षे असाच वागला. पुढे चाळ पाडली गेली, आम्हाला सातव्या मजल्यावर घर मिळाले आणि भुऱ्याची माती कायमची तुटली.

आज अशी कितीतरी कुटुंबे चाळीतून, झोपडपट्टीतून उंच इमारतीत राहायला जात आहेत. सोबत मांजरही जाते. म्हणून आमचा अनुभव वाचकांपुढे ठेवत आहोत. त्यात आमच्या चुकाच जास्त आहेत, हे आधीच कबूल करतो.

नव्या घरात आम्ही एका घमेल्यात रेती भरून ठेवली. भुऱ्या दोन दिवसांत शिकला. आम्हाला वाटले, प्रश्न सुटला. पण खालचे बांधकाम संपले, रेती मिळेनाशी झाली आणि आम्ही तीच रेती पंधरा-पंधरा दिवस वापरू लागलो. त्यातच वॉशिंग मशीन आले, तेव्हा घमेले त्याच्या शेजारी सरकवले. थोड्याच दिवसांत पायपुसणे ओले सापडले. मग गोधड्यांची चळत. मग मुलाचे ऑफिसचे बूट.

आम्ही काय केले? ओरडलो, चापट मारली. कुणीतरी सांगितले म्हणून त्याचे नाक त्या घाणीत घासले. घरभर फिनाईल ओतले. परिणाम एवढाच झाला, की भुऱ्या आम्हाला पाहून पलंगाखाली पळू लागला आणि आम्ही घरात नसताना घाण करू लागला. शिक्षेतून मांजर एकच गोष्ट शिकते : माणसापासून लांब राहावे. सूड म्हणून किंवा खोडी म्हणून मांजर मुतत नाही. आपण माणसांचे मन त्याच्या अंगावर चढवतो आणि मग त्याच्यावर रागावतो.

शेजारी म्हणाले, "भाऊ, गोणीत घाला आणि मच्छी मार्केटला सोडून या. खाऊन-पिऊन सुखी राहील." थोरल्या लेकीला सातवा महिना लागला होता, ती बाळंतपणाला माहेरी यायची होती. घरात सगळ्यांचेच मत तसे झाले. एका रविवारी सकाळी आम्ही गोणी काढली. भुऱ्या मोरीत बसला होता. बसायचा, जोर लावायचा, ओरडायचा, उठायचा, पुन्हा बसायचा. खाली एक-दोन थेंब, तेही लालसर. आमची आई दारातून पाहत होती. ती म्हणाली, "आरं, त्यो खोडी न्हाय करत. त्याला मुतायला व्हत न्हाय."

त्याच गोणीत घालून आम्ही त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला आणि लगेच आत घेतले. मूत्राशय दगडासारखे टणक झाले होते. बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो. खडे, बारीक कण किंवा आतला चिकट पदार्थ अडकला की लघवी तुंबते. विष अंगात साठते, रक्तातले पोटॅशियम वाढते आणि हृदय बंद पडते. हा खेळ एक-दोन दिवसांत आटोपतो. डॉक्टरांनी भूल देऊन नळी घातली, लघवी मोकळी केली, सलाईन लावले. मच्छी मार्केटला सोडला असता तर भुऱ्या तिथे कुठल्या तरी टोपलीमागे तडफडून मेला असता आणि आम्ही "सुखी असेल" म्हणत राहिलो असतो.

म्हणून पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. मांजर पुन्हा पुन्हा बसते, जोर लावते, थेंब थेंब होते, रक्त दिसते, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. बोका असेल तर तासही मोजावेत. एकाएकी पाणी फार पिऊ लागले आणि लघवी वाढली, तर मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेह असू शकतो. शी बाहेर पडत असेल तर जंत, जुलाब, बद्धकोष्ठता यांचा विचार करावा. म्हाताऱ्या मांजराचे सांधे दुखतात, उंच कडेच्या घमेल्यात त्याला चढवत नाही. आणि घरातली तापाची, दुखण्याची गोळी मांजराला कधीही देऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

मुंबईकरांना परळचे बैलघोडा हॉस्पिटल, म्हणजे बाई साकराबाई दिनशॉ पेटिट जनावरांचे रुग्णालय, एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे. गावाकडे सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. तो गाई-म्हशींचा म्हणून आपण मांजर नेत नाही. विचारायला संकोच करू नये.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. कितीतरी मांजरांत खडा सापडतच नाही. जागा बदलणे, गोंगाट, भांडण, भीती यांनीच मूत्राशयाला सूज येते. कोरडे खाणे आणि कमी पाणी यांची त्यात भर पडते. आता आम्ही भुऱ्याला मासळी उकडून तिच्या पाण्यासकट देतो, मीठ-मसाल्याशिवाय. कांदा-लसूण तर मांजराला विषच. पाण्याची वाटी दोन ठिकाणी ठेवली आहे.

भुऱ्या वाचला, पण पायपुसणे अधूनमधून ओले होतच होते. आम्ही पडलो कारकून. ऑफिसात हिशेब जुळला नाही की वही उघडायची सवय. तशीच घरी एक वही घातली आणि चार रकाने आखले : तारीख व वेळ, जागा, शू की शी, आणि त्या दिवशी घरात काय घडले. पंधरा दिवसांत हिशेब जुळला. ज्या दिवशी मशीन लावले त्या दिवशी घाण. ज्या वेळी दोन दिवस रेती साफ केली नाही, तेव्हाही घाण. एरवी काही नाही. गुन्हेगार भुऱ्या नव्हता, आमची व्यवस्था होती.

मग आम्ही व्यवस्था बदलली. घमेले जाऊन रुंद, बुटक्या कडेची प्लास्टिकची पाटी आली. मांजराच्या लांबीच्या दीडपट असावी, त्यात ते सहज वळले पाहिजे. तळाशी तीन-चार बोटे जाड थर. बाजारची रेती परवडत नसेल तर चाळलेली बारीक रेती चालते. सुवासिक काही नको, मांजराला तो वास खपत नाही. शी आणि ओले गोळे रोज काढायचे, आठवड्याला पाटी साबणाने धुवून थर बदलायचा. पाटी खाण्या-पाण्यापासून लांब, शांत कोपऱ्यात ठेवायची. दार लागून मांजर बाहेर अडकेल अशा संडासात ठेवू नये. नियम असा, की मांजरे असतील त्याहून एक पाटी जास्त. आपल्या एवढ्याशा घरात हे जमत नाही, तरी दोन मांजरांना एकाच पाटीवर भागवू नये.

डाग पुसण्याबद्दल. फिनाईल आम्ही बंद केले. त्यातली द्रव्ये मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत. ते लादीवरून चालते आणि मग पाय चाटते. ब्लीचही लघवीवर ओतू नये, विषारी वायू निघतो. आधी कपड्याने टिपावे, मग एन्झाइम असलेल्या धुण्याच्या पावडरीच्या कोमट पाण्याने धुवावे, साध्या पाण्याने पुसावे, वाळवावे. आपल्याला वास येत नाही म्हणजे मांजराला येत नाही असे नाही. वास राहिला की ते पुन्हा तिथेच जाते.

एक फरक ओळखावा. खाली बसून थारोळे करणे वेगळे, आणि उभे राहून, शेपटी थरथरवत भिंतीवर, दारावर पिचकारी मारणे वेगळे. पिचकारी म्हणजे हद्दीची खूण. नसबंदी न केलेल्या बोक्यात ती फार दिसते आणि नसबंदीनंतर बहुतेकांची थांबते. पाच-सहा महिन्यांच्या वयात नसबंदी करून घेतली तर सवयच लागत नाही. भाटीचीही करावी, नाहीतर दर खेपेला पिल्लांची गोणी भरायची वेळ येते.

राहिला प्रश्न लेकीचा. गरोदर बाईच्या घरात मांजर नको असे सगळेच सांगतात. खरी भीती आहे ती टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या जंतूची. तो मांजराच्या विष्ठेतून येतो, पण पडल्यावर लागण करण्याजोगा व्हायला त्याला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे पाटी रोज साफ झाली पाहिजे आणि ती गरोदर बाईने करू नये. कच्चे-अर्धकच्चे मटण आणि न धुतलेली भाजी यांतूनही तो येतो. कच्च्या मांसाचा तुकडा मांजरालाही घालू नये. आमच्या घरी पाटी साफ करण्याचे काम आता आमच्याकडे आहे. ही बायकांची कामे म्हणणाऱ्यांनी ते एक महिना करून पाहावे.

कायद्याचेही सांगितले पाहिजे. पाळलेले जनावर उपासमारीच्या तोंडी सोडून देणे हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. सजीव प्राण्यांविषयी दया बाळगणे हे राज्यघटनेच्या अनुच्छेद ५१-क मध्ये १९७६ साली नागरिकांचे मूलभूत कर्तव्य म्हणून आले. घटनेचे नाव आपण रोज घेतो. मग ते कर्तव्य मोरीतल्या बोक्यालाही लागू होते, हे विसरून कसे चालेल?

लेक येऊन गेली, नातू तीन महिन्यांचा झाला. भुऱ्या पाटीत जातो. एखाद्या दिवशी चुकलाच तर आम्ही हात उगारत नाही, वही उघडतो. वाचकांनीही एवढेच करावे : आधी दवाखाना, मग पाटी, मग वही. गोणी कशालाच नाही.