लाईन क्लिअर आणि कवच

वळसंगच्या बाजूने सोलापूर–वाडी लोहमार्ग जातो. होटगी आणि अक्कलकोट रोड यांच्यामध्ये तिलाटीचं छोटं स्टेशन लागतं. अशा स्टेशनातून मेल न थांबता धडधडत जाते, तेव्हा हिरवी झेंडी धरलेल्या कर्मचाऱ्याची नजर बघावी. इंजिन गेलं तरी ती हटत नाही. शेवटच्या डब्यामागची ‘एलव्ही’ची पाटी दिसली की मगच तो वळतो. पाटी दिसली म्हणजे गाडी अखंड आली, वाटेत डबे सुटले नाहीत.

सेक्शन कंट्रोलर कोणती गाडी आधी काढायची ते सांगतो. सिग्नल मात्र प्रत्येक स्टेशन मास्तर आपापला देतो. मागच्याने पुढच्याकडे ‘लाईन क्लिअर’ मागायचा आणि तो मिळाल्यावरच गाडी सोडायची. एकेरी मार्गावर तर पूर्वी ‘नील’च्या टोकन यंत्रातून निघणारा धातूचा गोळा हाच ड्रायव्हरचा परवाना असे. एक गोळा बाहेर असेपर्यंत दोन्ही टोकांच्या यंत्रांतून दुसरा निघतच नसे.

ही व्यवस्था भक्कम, पण तिची सत्ता सिग्नलच्या खांबापाशी संपते. लाल दिवा धुक्यात दिसला नाही किंवा इंजिनात क्षणभर डोळा लागला, तर यंत्र ब्रेक लावू शकत नाही.

तिथून पुढचं काम ‘कवच’ ही स्वयंचलित गाडी-संरक्षण प्रणाली करते. रेल्वेच्या आरडीएसओ या संशोधन संस्थेने भारतीय कंपन्यांसोबत ते विकसित केलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये प्रवासी गाड्यांवर चाचण्या सुरू झाल्या आणि जुलै २०२० मध्ये ते राष्ट्रीय प्रणाली ठरलं. रुळांमधल्या स्लीपरवर साधारण दर किलोमीटरला आणि प्रत्येक सिग्नलपाशी आरएफआयडी टॅग बसवतात. इंजिन त्यांवरून जाताना आपण कुठे आहोत ते वाचतं. स्टेशनातलं यंत्र आपल्याच सिग्नलांची स्थिती रेडिओवरून इंजिनाला कळवतं. वेग जास्त असेल किंवा पुढे लाल असेल तर आधी इशारा मिळतो. लोको पायलटने दाद दिली नाही तर ब्रेक आपोआप लागतात. फाटक जवळ आलं की शिटीही आपोआप वाजते. सगळे सिग्नल एकाच खोलीतून चालवण्याची गरज पडत नाही. म्हणूनच मनमाड–मुदखेडसारख्या बऱ्याचशा एकेरी मार्गावरही ते बसवता आलं.

आपल्या सोलापूर–वाडी मार्गाने वाडीच्या पुढे हैदराबादकडे गेलं की गुल्लागुडा–चिटगिड्डा हा टप्पा लागतो. ४ मार्च २०२२ रोजी तिथे कवचच्या चाचणीत रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांना घेऊन निघालेलं इंजिन समोरच्या इंजिनाच्या ३८० मीटर अलीकडे आपोआप थांबलं.

मात्र कवच ओळखतं ते गाड्या, सिग्नल आणि वेग. रूळ ओलांडणारा माणूस किंवा चरता चरता आलेली म्हैस त्याला दिसत नाही. तेव्हा रुळाकाठच्या गावकऱ्यांनो, फाटक बंद असेल तर थांबाच.